तुपातलं कुंकू

बाळाशेठची ती लाल गाडी मी पहिल्यांदा पाहिली ती टेम्पोत. डहाणूहून तलासरीला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत मी खिडकीशी बसले होते. तलासरी यायच्या थोडं आधी, पेट्रोल पंपामागच्या मोकळ्या जागेत एक टेम्पो उभा होता. त्याला फळ्या लावून चार माणसं दोन सीटची, बिनछपराची, बुटकी विलायती गाडी अलगद खाली उतरवत होती. बाजूला एक गृहस्थ पांढरी टोपी, काळा चष्मा आणि चामड्याचे हातमोजे घालून उभे. मे महिन्यात चामड्याचे हातमोजे! मला वाटलं कसलं तरी शूटिंग असेल. वीस मिनिटांनी मी आमच्या शेडमध्ये टेबल पुसत होते, तेव्हा तीच गाडी घरघरत आत आली. गृहस्थ उतरले, एकेक बोट ओढून हातमोजे काढले आणि म्हणाले, "बोर्डीहून आलो. पस्तीस मिनिटं. रस्त्यात एकदाही थांबलो नाही."

हे आमचे बाळाशेठ. पुढची चार वर्षं ते शेडवर येत राहिले आणि दर वेळी टेम्पो पंपामागे लपवून येत राहिले. तलासरीत हे न ठाऊक असलेला माणूस नव्हता. पंपावरची पोरं तर "शेठ, आज उतरवायला किती जण पाहिजेत?" असं उघड विचारायची. तरीही शेडमध्ये पाऊल टाकलं की पस्तीस मिनिटांची टेप सुरू. एकदा तर सत्तावीस मिनिटं झाली.

आमची शेड म्हणजे धातूवर उष्णता सोसणारा लेप चढवण्याची जागा. आसपासच्या कारखान्यांच्या बॉयलरचे पाइप, ट्रकचे सायलेन्सर, असली कामं. मालक हसमुखभाई, स्वभावाने गरीब पण मोठ्या गिऱ्हाइकापुढे पाठीचा कणा काढून ठेवणारे. मी ऑफिसात. फोन घ्यायचा, पार्सलं पाठवायची, पत्रं टाइप करायची. मी डावखुरी. बाळाशेठनी पहिल्याच दिवशी मला डाव्या हाताने लिहिताना पाहिलं आणि म्हणाले, "बेन, लहानपणी कोणी हातावर मारलं नाही वाटतं?" आणि स्वतःच हसले. माझ्या मनातून हा माणूस तिथेच उतरला. नंतर तो आणखी किती खाली उतरता येतं तेच दाखवत राहिला.

दिसायला रुबाबदार, हे मान्य. गोरेपान, साठीला आलेले, केसांना खोबरेल चोपडून मागे वळवलेले. बोर्डीला बापजाद्यांची चिकूची मोठी वाडी. येताना नेहमी चिकूची पेटी आणायचे, आणि ती कशी झाडावरची खास काढून आणलीय याचं वर्णन पेटी उघडेपर्यंत चालायचं. उघडली की आत बोराएवढे, डाग पडलेले, वखारीतून परत आलेले चिकू. लखमा, आमचा लेपाचा कारागीर, एक चिकू हातात धरून फिरवून बघायचा आणि परत ठेवायचा.

शेठचं एक वाक्य होतं. "समजणाऱ्याला समजतं." स्वतःला जे समजलेलं नसे ते या वाक्याखाली झाकायचे. गाडी कुठल्या सालची, कोणी विचारलं की, "समजणाऱ्याला समजतं." आवाज असा फाटका का येतो? "समजणाऱ्याला समजतं." मुंबईचा कोणी एक मेकॅनिक त्यांना दर वर्षी इंजिनात काहीतरी नवीन घालून द्यायचा. पहिल्या वर्षी एका कार्बोरेटरच्या जागी दोन आले. मग कॅमशाफ्ट बदलला. मग पिस्टन. "इंजिनाला श्वास मोकळा पाहिजे," असं शेठ छाती फुगवून सांगायचे. ताकद वाढली म्हणे दीडपट. अहो, पण ती ताकद लावणार कुठे? बोर्डी ते डहाणू रस्त्यावर जिथे खड्डा नाही तिथे गतिरोधक, आणि गाडीचं पोट जमिनीपासून वीतभर. बैलगाडीने ओव्हरटेक करावं अशा चालीने हे दीडपट ताकदीचं इंजिन घेऊन फिरायचे.

ताकद वाढली तसा ताप वाढला. रेडिएटर मूळचाच, म्हातारा. आणि जळका धूर बाहेर नेणारे चार पाइप नेमके पाय ठेवायच्या जागेला चिकटून गेलेले. एका रविवारी शेठाणींना हौस आली आणि त्या शेजारी बसल्या. घोलवडच्या रेल्वे फाटकात गाडी अडकली. आगगाडी जाईना, फाटक उघडेना, इंजिन धगधगतंय. फाटक उघडलं तेव्हा शेठाणी उतरायला गेल्या आणि चप्पल खालीच राहिली. चपलेचा तळ वितळून पत्र्याला चिकटला होता. त्या अनवाणी रिक्षात बसल्या आणि पुन्हा कधी त्या गाडीत बसल्या नाहीत. ही गोष्ट स्वतः शेठनीच आम्हाला सांगितली, आणि कशी? "रेसिंग गाडीत असं होतंच. घरच्यांना नाही झेपत." बायकोचा पाय भाजला त्याचं यांना भूषण!

तर या पाइपांना लेप चढवायचा, म्हणजे धग आतल्या आत राहील आणि धुराबरोबर मागे निघून जाईल, यासाठी ते आमच्याकडे येत होते. आणि हे काम लखमाचं.

लखमा रानशेतचा. पन्नाशीचा, हडकुळा, कमी बोलणारा. अठरा वर्षं त्याने त्या शेडमध्ये लेप मारला. लेपाचं सगळं मर्म म्हणे खालच्या धातूत असतं. आधी पाइप भट्टीत तापवून जुनं तेलपाणी जाळायचं. मग वाळूचा मारा करून धातू उघडा, खरखरीत करायचा. मग थिनरने पुसायचा. त्यानंतर त्याला माणसाचं बोटसुद्धा लागता कामा नये, कारण बोटाचं तेल त्या खरखरीत धातूत मुरतं, वरून दिसत नाही, आणि इंजिन तापलं की लेप तिथूनच सुटतो. लेपाच्या दिवशी लखमा तंबाखू खायचा नाही. सुती हातमोजे घालायचा, रोज स्वतः धुऊन दोरीवर वाळत घालायचा. बोलायचं झालं तरी पाइपाकडे पाठ करून बोलायचा, थुंकी उडू नये म्हणून. मला पहिल्या दिवशी म्हणाला होता, "बाय, इथं देवळात येतात तसं ये. फक्त पाया पडू नको, हात लावायला होतो."

आणि त्याला खुणा वाचता यायच्या. कामावर आणखी दोघं होते. चुकलेला पाइप हातात घेऊन उजेडात तिरपा धरायचा आणि सांगायचा, हे याचं काम, हे त्याचं. "कसं ओळखलं?" मी विचारायचे. "हात जातो तशी वाट राहते," म्हणायचा. एवढंच.

शेठच्या पाइपांचा दिवस ठरला तेव्हा शेठनी मुहूर्त काढून आणला. आता नव्या वस्तूची पूजा करायची, त्यात गैर काय? आपण सगळेच करतो. मिक्सर घरी आला तर मी त्याला कुंकू लावते. हसमुखभाईंनी तर लेप झाल्यावर नारळ फोडायची तयारी ठेवली होती. पण शेठचा मुहूर्त होता बारा वाजून दहा मिनिटांचा, आणि त्या वेळी चारही पाइप वाळू मारून, पुसून, पांढऱ्या फडक्याने झाकून टांगलेले. लखमा आणि बाकीचे दोघे जेवायला गेलेले. हसमुखभाई वापीला गेलेले. शेडमध्ये मी आणि बाळाशेठ.

"बेन, ताट धरा," ते म्हणाले. "उजव्या हाताने."

"शेठ, त्याला हात लावू नका असं लखमादादानं सांगितलंय. आल्यावर करू या ना. लेप झाल्यावर."

"लेपाची पूजा करायची का धातूची? आणि त्याला काय विचारायचं? समजणाऱ्याला समजतं."

मी ताट धरलं. का धरलं? नको म्हणायची सवय नव्हती म्हणून. त्यांनी वाटी काढली. कुंकू पाण्यात कालवतात, सगळं जग कालवतं. शेठनी ते साजूक तुपात कालवलं होतं. "आपल्याकडे पाण्याचं काम नाही," असं वर म्हणाले. फडकं बाजूला केलं, अंगठा वाटीत बुडवला आणि पहिल्या पाइपावर ठसठशीत स्वस्तिक काढलं. डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले. मग डोळे उघडून दाराकडे बघितलं. लखमा परत यायची वेळ झाली होती. आणि गंमत बघा, जो माणूस "त्याला काय विचारायचं" म्हणत होता तोच आता घाबरला.

"पुसून टाका बेन पटकन. देवाला पोचलं. तो उगाच कटकट करेल."

मी पुसलं. टेबलावरचं कोरडं फडकं घेतलं आणि एका झटक्यात पुसलं. लाल गेलं. पाइप परत झाकला. शेठ ताट घेऊन बाहेर गाडीपाशी जाऊन उभे राहिले. लखमा आला, त्याने हातमोजे चढवले, फडकं काढलं आणि लेप मारायला सुरुवात केली. मी टेबलाशी बसून ते बघत होते. तोंड उघडायला मला एक क्षण पुरला असता, आणि माझ्याजवळ अख्खा तास होता. लेप झाला, पाइप भट्टीत गेले, बाहेर आले ते चंदेरी, सुरेख. शेठनी लखमाच्या नाही, स्वतःच्या पाठीवर थाप मारून घेतली.

पंधरा दिवसांनी डहाणूच्या किनाऱ्यावर जुन्या गाड्यांची मिरवणूक होती. शेठनी मुंबईहून पाहुणे बोलावले होते. सगळ्यांसमोर बोनेट उघडलं, पाइप दाखवायला, आणि पहिल्या पाइपावरून लेपाचा पापुद्रा सुटून लोंबत होता. कोणीतरी हसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ शेडमध्ये. या वेळी पस्तीस मिनिटांचं नाव नाही. टोपी नाही, चष्मा नाही. पाइप गोणपाटात गुंडाळून जीपने आले होते.

"हसमुखभाई, ही तुमची कारागिरी? जंगलातून उचलून आणायचे आणि हातात स्प्रे गन द्यायची! यांना काय कळतं इंजिन म्हणजे काय?"

हसमुखभाई हात जोडून उभे. "शेठ, शांत थाओ, आपण परत करून देऊ, फ्री मध्ये."

लखमाने पाइप उचलला. सुटलेल्या जागेवर नख फिरवलं, वास घेतला. मग दाराशी जाऊन उजेडात तिरपा धरला आणि बराच वेळ बघत राहिला. लेप दोन ठिकाणी वाकडातिकडा सुटला होता, त्यावरून कोणाला काही कळावं असं नव्हतं. मग त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी न वाजलेला फोन उचलला आणि कानाला लावला.

"बोल ना," शेठ ओरडले. "कोणाची चूक?"

"लेप माझ्या हातचा आहे, शेठ," लखमा म्हणाला.

त्याच संध्याकाळी हसमुखभाईंनी त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. शेठच्या मेव्हण्याच्या कारखान्यातल्या बॉयलरचे सगळे पाइप आमच्याकडे यायचे, आणि शेठ म्हणाले होते, तो माणूस इथे असेल तर मेव्हण्याला दुसरीकडे पाठवतो. अठरा वर्षांचा माणूस असा गेला. डबा घेतला, चप्पल घातली. दोरीवरचे हातमोजे तसेच राहिले. बाळाशेठ हलकट, भित्रा, ढोंगी माणूस आहे असं मी तेव्हा मनात शंभरदा म्हटलं. मनात.

खरा कळस पुढेच आहे. महिन्याभराने शेठचा फोन आला, मीच घेतला. आवाजात साखर. "बेन, हसमुखभाईंना सांगा, दुसरा लेप नको. त्या पाइपाला हात लावायचा नाही आता."

झालं होतं असं की दुसरा लेप होईपर्यंत शेठनी तेच पाइप परत गाडीला बसवले होते, मधल्या काळात गाडी आणखी तापली आणि उरलेल्या रेषाही सुटल्या. चंदेरी पाइपावर तपकिरी धातूचं स्वस्तिक उघडं पडलं. मेव्हण्याने पाहिलं आणि हात जोडले. बस्स! शेठना काय पाहिजे होतं? चिकूच्या वखारीत, लग्नात, मोबाइलच्या व्हिडिओत, जिथे तिथे एकच. "आपोआप उमटलं. आतून. इंजिनातून." स्वतःच्या अंगठ्याने काढलेलं ते विसरले असतील, असं कोणी म्हणेल. मला नाही वाटत. ज्याला टेम्पो लपवायचं चार वर्षं आठवत होतं तो हे कसा विसरेल?

मी हसमुखभाईंना म्हटलं, "आता तरी लखमादादाला परत बोलवा. शेठची तक्रारच राहिली नाही." ते म्हणाले, "आता जाऊ दे ने, बेन. नवीन माणूस घेतला आहे." तेव्हाही मी खरं सांगितलं नाही.

यंदा दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी डहाणूच्या किनाऱ्यावर फिरायला गेले होते. सुरूच्या झाडांपाशी गर्दी दिसली. मधोमध ती लाल गाडी, बोनेट उघडं, पाइपाला झेंडूची माळ. शेठ हातमोजे घालून सांगत होते. लोक वाकून बघत होते, एक म्हातारी पदर पसरून नमस्कार करत होती. आणि कठड्याला रंग देणारी दोन-तीन माणसं हातात ब्रश घेऊन बघायला आली होती, त्यात लखमा होता. केस पिकले होते. बोटांना निळा ऑइलपेंट लागला होता. उघड्या बोटांना, हातमोजे नव्हते.

शेठनी मला पाहिलं. "अरे, या बेन होत्या की तिथे! सांगा बेन, भट्टीत जाताना पाइप कोरा होता की नाही?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, "कोरा नव्हता. तुम्ही अंगठ्याने स्वस्तिक काढलंत. तुपातल्या कुंकवाने. मला पुसायला सांगितलंत, मी पुसलं. तुपामुळे लेप सुटला, आणि तुम्ही लखमादादाची नोकरी घालवलीत. हा इथे उभा आहे तो लखमादादा."

मग शेठ हसले, अगदी मोकळं हसले. "बेन गमतीदार आहेत आमच्या. देवाचं काम सगळ्यांच्या डोळ्यांना दिसत नाही. समजणाऱ्याला समजतं." आणि लोकसुद्धा हसले. म्हातारीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काही अभद्र बोलले. लखमाचं नाव कोणाच्या डोक्यात शिरलंच नाही. शेठनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "बघितलं ना? सरक आता, दुसऱ्यांना बघू दे."

लखमा सरकला. मी त्याच्यामागून कठड्यापर्यंत गेले. तो खाली बसला, ब्रश डब्यात बुडवला.

"लखमादादा, मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

"मला ठाऊक होतं, बाय."

"काय ठाऊक होतं?"

"पुसलेली वाट उलटी गेली होती. डाव्या हाताची. शेडमध्ये डावा हात तुझाच." तो कठड्याच्या गजावर ब्रश ओढत होता, वरून खाली, एका दमात, जराही ओघळ न येऊ देता.

"मग बोलला का नाहीस तू? हसमुखभाईंसमोर, त्याच दिवशी?"

"तू बोलशील म्हणून थांबलो," तो म्हणाला.

त्याने दुसरा गज घेतला. रागावला असता, शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो आपला रंग देत राहिला, आणि थोड्या वेळाने म्हणाला, "साडी सांभाळ बाय, ओला आहे."

मी रिक्षा करून परत निघाले. वळणावर, सुरूच्या बनाच्या मागे, टेम्पो उभा होता. फळ्या लावलेल्या, गाडी वर चढवलेली, दोऱ्यांनी बांधलेली. आणि शेठ खाली उतरलेच नव्हते. टोपी, चष्मा घालून ते टेम्पोवरच्या गाडीत ताठ बसले होते, हातमोज्यांचे दोन्ही हात स्टीअरिंगवर. टेम्पो सुरू झाला, वळला, तसं त्यांनीही स्टीअरिंग वळवलं. रिक्षावाला खो-खो हसायला लागला. "बघा मॅडम, बघा, काय नमुना आहे!"

इतकी वर्षं या माणसाला मीही अशीच हसत आले होते. त्या दिवशी काही केल्या मला हसू आलं नाही.